मुलींची उभारी आणि शाळेची घडण : सर्जापूर रोडच्या निमित्ताने

मुलींमध्ये आत्मविश्वास कमी असतो, हे विधान पालकसभांतून आणि स्नेहसंमेलनांच्या भाषणांतून इतक्या सहजपणे केले जाते की, तो जणू मुलींच्या स्वभावातलाच एखादा दोष असावा आणि एखाद्या वक्त्याने तासभर स्फूर्तिदायक भाषण केले की तो दूर व्हावा, असे ऐकणाऱ्यांना वाटू लागते. गेल्या अर्धशतकातील मानसशास्त्रीय आणि शैक्षणिक संशोधनाचा कौल मात्र या समजुतीच्या विरुद्ध आहे. वर्गात प्रश्न कोणाला विचारला जातो, उत्तरासाठी किती वेळ थांबले जाते, चुकल्यावर काय ऐकावे लागते, शौचालयाला आतून कडी आहे की नाही, आणि मनातले सांगायला एखादे मोठे माणूस शाळेत आहे की नाही, अशा रोजच्या साध्या गोष्टींतून मुलीचा स्वतःवरचा विश्वास घडतो किंवा मोडतो. म्हणून हा विषय मुलींच्या स्वभावाचा मानण्याऐवजी शाळेच्या घडणीचा मानणे अधिक योग्य ठरते.

या दृष्टीने पाहायचे झाल्यास बेंगळुरूचा सर्जापूर रोड हा अभ्यासाला सोयीचा आणि मनाला अस्वस्थ करणारा परिसर आहे. शहराच्या आग्नेय भागात इब्बलूरच्या चौकापासून कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी एकेकाळची खेडी ओलांडत आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर विप्रोचे मुख्यालय आहे, उंच गृहसंकुले आहेत, वर्षाला लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत आणि पुण्या-नागपुरा-कोल्हापुराकडून संगणक-अभियंते म्हणून येऊन स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबेही आहेत. याच संकुलांच्या भिंतींलगत पत्र्याच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांत ती संकुले बांधणारे मजूर राहतात. त्यांतले पुष्कळजण यादगीर, रायचूर, कलबुर्गी या उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून, तर बाकीचे बंगाल, ओडिशा, बिहार येथून आलेले असतात, आणि त्यांच्या मुली जवळच्या सरकारी शाळेत जातात किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीच थांबतात. शिक्षणक्षेत्रात देशभर काम करणारे अझीम प्रेमजी फाउंडेशन याच रस्त्यावर आहे आणि त्याचे विद्यापीठ सर्जापूर गावाजवळ बुरुगुंटे येथे आहे, त्यामुळे शिक्षणाचा विचार आणि शिक्षणाची अडचण ही दोन्ही येथे हाकेच्या अंतरावर नांदतात.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आत्मविश्वास या शब्दाने व्यवहारात सभाधीटपणा, बेधडकपणा, कधी कधी तर आगाऊपणाही सुचवला जातो. परंतु अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेली ‘स्वक्षमतेवरील विश्वास’ ही संकल्पना अधिक काटेकोर आहे. समोरचे विशिष्ट काम आपल्याला जमेल ही खात्री, असा तिचा अर्थ असून, ही खात्री कामागणिक वेगळी असू शकते. म्हणजे उत्तम धावणारी मुलगी बीजगणितासमोर हातपाय गाळू शकते आणि गणितात अग्रेसर असणारी मुलगी मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जायला धजत नाही. बांडुराच्या मते ही खात्री मुख्यतः स्वतः काम पार पाडल्याच्या अनुभवातून येते. आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमलेले पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर आणि शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था यांचाही तिच्यात वाटा असतो, परंतु प्रत्यक्ष कृतीची जागा केवळ शाब्दिक प्रोत्साहनाने भरून निघत नाही. दुसरी संज्ञा उभारीची आहे. अपयश, अपमान, आजार, स्थलांतर किंवा घरातील कलह यांसारख्या आघातानंतर पुन्हा सावरून आपल्या मार्गाला लागण्याची क्षमता, असा तिचा येथे अर्थ घेतला आहे.

गुण आणि आत्मविश्वास या दोन गोष्टी एकच मानण्याची चूक सुशिक्षित पालक सर्वाधिक करतात. कर्नाटकाच्या आणि महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षांत उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींचे अधिक असणे हे आता नेहमीचे झाले आहे, तरीही याच मुली पुढे विषय निवडताना, स्पर्धेत उतरताना किंवा नेतृत्वाची जागा मागताना मागे राहताना दिसतात. लिन बियान आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात या विसंगतीचे मूळ फार लहान वयात सापडते. ‘फार फार हुशार’ व्यक्ती कोण असेल, असे विचारल्यावर पाच वर्षांची मुले-मुली आपापल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे बोट दाखवत होती. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घटले होते आणि ‘हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातला त्यांचा रसही कमी झाला होता. विशेष म्हणजे, शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात, हे त्याच वयाच्या मुलींना ठाऊक होते. गुणांचे श्रेय कष्टाला आणि बुद्धीचे श्रेय मुलांना, अशी ही वाटणी पहिलीच्या वर्गातच सुरू होत असेल, तर दहावीनंतर समुपदेशन करून ती पुसली जाईल अशी अपेक्षा बाळगता येत नाही.

या वाटणीला वर्गातील प्रश्नोत्तरांची पद्धत कळत नकळत खतपाणी घालते. शिक्षक फळ्यावर भागाकाराचे उदाहरण लिहितात, बाकी किती उरेल असे विचारतात, आणि प्रश्न पुरता संपण्याआधीच दोन-तीन मुले जागेवरूनच उत्तर ओरडतात; तिसऱ्या बाकावरच्या मुलीने तोवर वहीच्या कडेला आकडेमोड करून बरोबर उत्तर काढलेले असते, पण तिचा हात अर्धा वर गेलेला असतानाच शिक्षक पुढच्या उदाहरणाकडे वळलेले असतात. मुलगी कन्नडऐवजी घरी बंगाली किंवा ओडिया बोलणारी असेल, तर तिला प्रश्नाचे आधी मनातल्या मनात भाषांतर करावे लागते आणि तिचे मौन अज्ञान म्हणून नोंदले जाते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासून दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब व विचारपूर्वक होतात, अनुत्तरित प्रश्न घटतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. एक रुपयाही खर्च न करता उद्यापासून अमलात आणता येईल असा हा उपाय आहे, आणि प्रत्येक प्रश्नानंतर मनात तीन अंक मोजून मगच नाव पुकारायचे, ओरडून दिलेले उत्तर स्वीकारायचे नाही, एवढा दंडक सर्जापूर रोडवरील महागड्या शाळेने आणि तिच्या पाठीमागच्या सरकारी शाळेने सारखाच पाळण्यासारखा आहे.

कौतुकाच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ असे कौतुक झालेली पाचवीची मुले पुढे कठीण कोड्यांत अडखळल्यावर लवकर नाउमेद झाली, तर ‘तू मेहनत घेतलीस’ असे ऐकलेल्या मुलांनी चिकाटी सोडली नाही. यावरून पुढे प्रयत्नवादाचे तक्ते वर्गोवर्गी लावण्याची जी लाट आली, तिच्याकडून फार अपेक्षा करणे गैर आहे, कारण मोठ्या प्रमाणावर घेतलेल्या चाचण्यांत अशा अल्पकालीन उपक्रमांचा परिणाम माफकच आढळला आहे. उपयोगी पडते ते नेमके बोलणे. ‘शाब्बास’ म्हणून वही परत देण्यापेक्षा, दुसरी पायरी कशी सोडवली हे वर्गाला समजावून सांग, असे म्हणून मुलीच्या हातात खडू देणे हे अधिक मोठे कौतुक असते.

मुलीला विचार मांडायला जागा दिली की काय घडते, याचा महाराष्ट्रातील जुना आणि आजही थक्क करणारा दाखला पुण्यातला आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, आणि त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्या समाजात त्या मुलीच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्या समाजाला तिने धर्म, अन्याय आणि भूक यांविषयी जाहीरपणे प्रश्न विचारले. आणि हे घडू शकले, कारण त्या शाळेने अक्षरओळखीपाशी न थांबता तिच्या अनुभवाला निबंधाचा विषय होण्याची योग्यता दिली होती. आजच्या शाळांतून निबंधाचे विषय आणि त्यांची उत्तरे मार्गदर्शकातून पाठ करून घेतली जातात, हे पाहता पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गाकडून शिकण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे.

शरीराच्या अवस्थेचा उल्लेख वर झाला. त्याचा अर्थ मुलींच्या बाबतीत अगदी प्रत्यक्ष आहे. शाळेच्या शौचालयाला कडी नसेल, बादलीत पाणी नसेल किंवा दारासमोरच मुले खेळत असतील, तर मुली सकाळी घरून निघताना पाणी पिणेच टाळतात, दुपारपर्यंत त्यांचे डोके दुखू लागते, आणि पाळीच्या दिवसांत त्या शाळाच बुडवतात. अशा मुलीकडे लक्ष नाही, उत्साह नाही, असा शेरा मारणे सोपे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. रक्तक्षयाने येणारा थकवा मुलीला स्वतःच्या मंदबुद्धीचे लक्षण वाटतो, ही या आकड्यामागची खरी हानी आहे. त्यामुळे कर्नाटक शासनाची शाळकरी मुलींना सॅनिटरी पॅड देणारी ‘शुचि’ योजना, किंवा शासन आठवड्यातून दोन दिवस देत असलेल्या अंड्यांना जोड म्हणून २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आणखी चार दिवस मिळू लागलेली अंडी, हे आरोग्याचे उपक्रम असले तरी मुलींच्या आत्मविश्वासाच्या हिशेबातही धरायला हवेत.

उभारीच्या शास्त्राचा पाया ज्या अभ्यासाने घातला, तो हवाई बेटांपैकी कौआई बेटावर झाला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तेथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुले गरिबी, घरातील कलह, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढत होती, आणि तरीही या संकटग्रस्तांपैकी प्रत्येक तिघांत एकजण कर्तबगार, विश्वासू आणि मायाळू प्रौढ म्हणून उभा राहिला. या सावरलेल्या मुलांच्या आयुष्यात आजी-आजोबा, शेजारी किंवा शिक्षक असे किमान एक तरी माणूस होते, ज्याने त्यांना आहे तसे स्वीकारले होते. मुलींच्या बाबतीत वर्नर यांनी आणखी एक बारकावा नोंदवला आहे, तो असा की, सावरलेल्या मुली बहुधा अशा घरांतल्या होत्या जिथे त्यांना धोका पत्करण्याची आणि स्वतंत्रपणे वागण्याची मोकळीक होती आणि त्याचबरोबर घरातील एखाद्या स्त्रीचा भक्कम आधारही होता. आपल्याकडे मुलीला जपणे म्हणजे तिला अडवणे असे समीकरण रूढ आहे, आणि ते झोपडीत जितके आहे तितकेच, थोड्या वेगळ्या वेषात, गृहसंकुलातही आहे. तिथे मुलीला शाळेच्या बसपासून घराच्या दारापर्यंतही एकटे चालू दिले जात नाही.

याच अभ्यासात असेही दिसले की, घरातल्या एखाद्या कामाची जबाबदारी पेलल्याने मुले खंबीर झाली. हा निष्कर्ष मजूरवस्तीतील मुलींना लावताना मात्र फार जपले पाहिजे. जबाबदारी तेव्हाच बळ देते, जेव्हा ती वयाला झेपणारी असते, तिला मान मिळतो आणि तिच्यापायी शाळा सुटत नाही. आई-वडील बांधकामावर गेल्यावर दिवसभर दोन भावंडे सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी कर्तृत्ववान असते यात शंका नाही, परंतु तिच्या त्या कर्तृत्वाचे कौतुक करून थांबणे ही तिच्या हक्काची पायमल्ली ठरते. बांधकामाच्या जागी पाळणाघर असणे हा अशा मुलीच्या शिक्षणाचा पहिला उपाय आहे.

शाळेत ‘विश्वासाचे माणूस’ कोणी व्हायचे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. बेंगळुरूच्याच निम्हान्स, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, शिक्षकांकरवी शिकवायचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम विकसित केला. जीवनकौशल्ये म्हणजे निर्णय घेणे, नकार देणे, भावना हाताळणे, तणावाला तोंड देणे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे इत्यादी रोजच्या जगण्यातील क्षमता. श्रीकला भरत आणि किशोर कुमार यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हा कार्यक्रम वर्षभर राबवलेल्या दोन माध्यमिक शाळांतील ६०५ विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान, अडचणींना तोंड देण्याची क्षमता आणि शिक्षकांशी जुळवून घेणे हे, कार्यक्रम नसलेल्या शाळांतील ४२३ विद्यार्थ्यांपेक्षा सरस आढळले. याउलट, गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या सहभागाने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांत ‘सेहेर’ नावाचा जो प्रयोग झाला, त्याचे २०१८ मध्ये ‘लान्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष विचारात पाडणारे आहेत: याच कामासाठी नेमलेल्या, थोडेफार प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी चालवलेल्या कार्यक्रमाने शाळेतील वातावरण सुधारले, नैराश्य आणि दादागिरी घटली, तोच कार्यक्रम शिक्षकांवर सोपवला तेव्हा परिणाम जवळपास शून्य होता. यावरून शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. जनगणना, निवडणूक, माहितीचे रकाने आणि दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणे या रगाड्यात ज्याला बसून ऐकायला वेळच उरत नाही, त्याच्या पदरात आणखी एक कार्यक्रम टाकला की तो कागदावरच राहतो. शिक्षकाला त्यासाठी तासिका राखून द्यावी, नाहीतर स्वतंत्र माणूस नेमावे. तिसरा मार्ग नाही.

मुलींना धीट करताना मुलांना वगळणे हीदेखील मोठी चूक ठरते. ब्रेकथ्रू या संस्थेने हरियाणातील सातवी-आठवीच्या मुलामुलींसाठी अडीच वर्षे चालवलेल्या वर्गचर्चांचा ३१४ सरकारी शाळांच्या आधारे अभ्यास झाला, तेव्हा स्त्री-पुरुष समतेविषयीची मते दोघांचीही बदलली, पण घरकामात हातभार लावण्यासारखे वर्तनातले बदल मुलांमध्ये अधिक दिसले. मुलगी उत्तर देताना अडखळली की मागून होणारे हसणे थांबवणे हे तिच्या धैर्यावर सोडून चालत नाही.

शाळेबाहेरच्या जगात आपल्या बोलण्याने काही हलते, हा अनुभव कर्नाटकात एका मार्गाने मिळू शकतो, ज्याची महाराष्ट्राने दखल घ्यावी. कामकरी मुलांच्या ‘भीमसंघ’ या संघटनेच्या आणि मुलांच्या पंचायतींच्या प्रयोगांतून पुढे आलेली ‘मक्कळ ग्रामसभा’, म्हणजे मुलांची ग्रामसभा, राज्यातील ग्रामपंचायतींनी दरवर्षी भरवावी, असा आदेश शासनाने २००६ मध्ये काढला. या सभेत मुले सरपंचासमोर आणि अधिकाऱ्यांसमोर उभी राहून शौचालय, पिण्याचे पाणी, बस, शाळेजवळचे दारूचे दुकान यांविषयी प्रश्न विचारतात, आणि आदल्या वर्षीच्या मागणीचे काय झाले याचा जाबही मागू शकतात. तेरा वर्षांच्या मुलीने मागितलेला रस्त्यावरचा दिवा खरोखर लागला, तर बांडुराने सांगितलेला कृतीचा अनुभव तिला एका फटक्यात मिळतो. सभा नुसती उरकली आणि काहीच झाले नाही, तर बोलून उपयोग नसतो हा धडाही ती तितक्याच पक्केपणाने शिकते.

कृतीतून येणारी ही खात्री खेळाचे मैदानही देते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, तेव्हा महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार होती आणि मैसूर जिल्ह्यातील बी. चैत्रा संघात होती. खो-खोला लागते ती मोकळी जमीन आणि दोन खांब. सर्जापूर रोडवर नेमकी मोकळी जमीनच दुर्मीळ झाली आहे, आणि उरलेल्या तुकड्यावर मुलांचे क्रिकेट आधी पोहोचते. मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचा तास लिहून ठेवणे हे म्हणूनच मुख्याध्यापकांचे काम आहे.

शेवटी, उद्याची शाश्वती नसलेल्या मुलीकडून आजच्या उमेदीची अपेक्षा करता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते. कर्नाटकातील पुष्कळ सरकारी शाळा सातवी-आठवीलाच थांबतात, हायस्कूल दूर असते आणि मोठ्या होत चाललेल्या मुलीला एवढ्या रहदारीतून पाठवायला पालक कचरतात. ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेने कर्नाटकातील रहिवासी महिलांना व मुलींना सरकारी बसचा प्रवास मोफत केल्याने यातली खर्चाची अडचण कमी झाली, मात्र दुसऱ्या राज्यातून आलेल्या आणि इथला पत्ता नसलेल्या मजुराच्या मुलीला तिचा लाभ मिळत नाही. दहावी-बारावी सरकारी शाळांतून उत्तीर्ण होऊन पदवी किंवा पदविकेला प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनने वर्षाला ३०,००० रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली आहे; कर्नाटकातील सरकारी शाळेत आठवीत बसलेल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना ती आजच ठाऊक असेल, तर नववीच्या सुट्टीत होणाऱ्या लग्नाच्या बोलण्यांत एक ठोस प्रतिवाद हाती येतो.

शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समित्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. खासगी शाळांत पालकसभा असतात. बेंगळुरूत असोत वा पुण्या-सोलापुरात, मराठी पालकांनी, विशेषतः आयांनी, या जागा भराव्यात, आणि पुढच्या सभेत मुलीच्या गुणांची चौकशी करण्याआधी ती या महिन्यात वर्गात किती वेळा बोलली, तिच्या शौचालयाला कडी आहे का, आणि अडचण आली तर ती शाळेत कोणाकडे जाते, हे शिक्षकांना विचारावे. मुलीला कोणी त्रास देत असेल आणि शाळा ऐकत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी देशभर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच हाताने लिहून घ्यावा.